हातात घेतलेली तंबाखू

माझी अल्व्हिना मावशी हट्टी आहे, हे आमच्या वस्तीत शेंबडं पोरही सांगेल. मर्व्हिनकाका गेले तेव्हा तिने रिवाजाप्रमाणे वर्षभर नाच बंद ठेवला. वर्ष सरलं, आणखी दोन सरली, पण बाई काही रिंगणात परतली नाही. दर जुलैत पॉव-वॉवला, म्हणजे आम्हा आदिवासींच्या नाचगाण्याच्या मेळ्याला, यायची, ढोलाच्या मागे घडीच्या दोन खुर्च्या मांडायची. एकीवर स्वतः बसायची, दुसरीवर काकांचं मोठ्या चांदणीच्या नक्षीचं पांघरूण टाकायची. पांघरूण टाकलेल्या खुर्चीवर आमच्याकडे कोणी बसत नाही.

पत्र्याचे शंकू शिवलेला झगा घालून बायका नाचतात, तो नाच आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून असतो. त्या नाचात मावशीचा हात धरणारं कोणी नव्हतं. तीच बाई आता चहा पीत लोकांची उणीदुणी काढत बसते, हे मला बघवत नव्हतं. पण तिला सांगणार कोण?

या वर्षी आमच्या शाळेत शिकवणारी लेस्या पहिल्यांदाच आली. येण्याआधी तिने मला फोन करून भंडावून सोडलं होतं. झेंडे आत येताना उभी राहा, टोपी काढ, विचारल्याशिवाय फोटो काढू नकोस, आमच्या पेहरावाला सोंग म्हणू नकोस, आणि कोणाकडे काही मागायचं असेल तर आधी तंबाखू दे, एवढं मी तिला सांगितलं. पोरीने सगळं मनापासून पाळलं. इतकं, की प्रार्थना संपून सगळे बसले तरी ही आपली उभीच.

माइकवरून आमचा निवेदक गॉर्डी ओरडला, "टोपी हातात धरलेल्या बाई, बसा आता! नाहीतर आम्हा म्हाताऱ्यांना पुन्हा उठावं लागेल!"

सगळं मैदान हसलं. लेस्याही लाजून हसली.

दुपारी ती मावशीसमोर येऊन उभी राहिली. हातात लाल कापडात बांधलेली तंबाखू. ढोलवाल्यांना एखादं गाणं सांगायचं असलं की लोक मावशीकडेच तंबाखू देतात, काका त्याच ढोलावर गायचे म्हणून. मावशी माझ्याशी गॉर्डीच्या नव्या दातांबद्दल बोलत होती. बोलता बोलताच तिने हात पुढे केला, पुडी घेतली आणि मांडीवर ठेवली.

"हं, बोल बाई. कुठलं गाणं हवंय?"

"गाणं नाही," लेस्या म्हणाली. "वस्तीच्या सभागृहात तुमचा झग्यातला फोटो पाहिला. हा नाच आजाऱ्यांसाठी असतो, असं खाली लिहिलं होतं. माझ्या बहिणीचं उद्या ऑपरेशन आहे. तुम्ही तिच्यासाठी नाचाल का?"

मावशी मांडीवरच्या पुडीकडे बघत राहिली. तंबाखू हातात घेतली म्हणजे शब्द दिला. ती परत करता येत नाही, आणि हे आम्हा सगळ्यांना शिकवणारी हीच.

"शार्लीन, तू पढवलंस ना हिला?"

"शप्पथ नाही गं मावशी!"

लेस्या रडवेली झाली. "माझं काही चुकलं का?"

"तुझं कशाला चुकेल? चुकलं माझंच. गप्पा मारत हात पुढे केला." मावशीने पुडी मुठीत धरली. "बहिणीचं नाव काय?"

"दारिया."

ते नाव मावशीने दोनदा हळूच म्हणून पाहिलं. मग माझ्यावर खेकसली, "बघत काय बसलीस? गाडीतली निळी बॅग आण."

बॅगेत झगा होता, पिसांचा पंखाही होता. शंकू लख्ख घासलेले. नाचणार नाही, नाचणार नाही म्हणत ही बाई दर वर्षी झगा घासून, सोबत घेऊन येत होती! मला हसावं की रडावं कळेना. झगा कमरेत बसेना, तेव्हा मागे सेफ्टी पिना लावल्या.

"श्वास घेऊ नकोस," मी म्हटलं.

"तू बोलू नकोस," ती म्हणाली.

गॉर्डीला निरोप गेला. या वेळी त्याने एकही विनोद केला नाही. "सगळे उभे राहा. कॅमेरे बंद करा," एवढंच तो म्हणाला.

ढोल सुरू झाला. पहिली काही पावलं मावशीची चुकली. मग गुडघ्यांना आठवलं, शंकू एका तालात वाजायला लागले. ढोलाचे मोठे ठोके आले तेव्हा तिने पिसांचा पंखा उंच धरला. लेस्या टोपी छातीशी धरून उभी होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. माझ्याही.

नाच संपला. मावशी धापा टाकत आली ती थेट काकांच्या खुर्चीपाशी. पांघरुणावरून एकदा हात फिरवला, ते उचललं आणि लेस्याच्या खांद्यांवर गुंडाळलं.

"हे दारियाला नेऊन दे. दवाखान्यात थंडी असते."

लेस्या नको म्हणणार होती. मी तिला कोपराने ढोसलं, तशी तिने मान खाली घालून ते घेतलं.

खुर्ची उघडी पडली. जुनी, हिरवी, एका हाताला काकांच्या सिगारेटचा डाग. कोणालाच तिच्याकडे बघवेना.

"बस की शार्लीन," मावशी म्हणाली. "मोकळीच आहे."

मी तिचा हात धरला. "तूच बस ना. दमलीस किती."

एवढ्यात सगळ्यांसाठीचं गाणं सुरू झालं. पाहुण्यांनीही रिंगणात यावं म्हणून गॉर्डी बोलावत होता. मावशीने पिना चाचपल्या आणि लेस्याचं मनगट पकडलं.

"मला कुठला वेळ आहे बसायला!"