भाडेकरूची चौकशी आणि माझी

"इस नाम की कोई एम्प्लॉई हमारे रोल पर नहीं है," पलीकडचा माणूस म्हणाला आणि फोन ठेवला.

"पाहा! मी काय म्हणून राहिली होती?" बायको, शोभा, म्हणाली. "क्रेन चालवते म्हणे!"

आमच्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा होता. सुषमा मेश्राम आईला घेऊन घर पाहून गेली होती. जामुलच्या एका सिमेंट कारखान्यात क्रेन ऑपरेटर. मला मुलगी आवडली होती. पण बँकेतल्या एका गृहस्थालाही घर हवं होतं आणि तो टोकनचे पैसे घेऊन संध्याकाळी येणार होता.

मी स्टील प्लांटच्या पर्सोनेल डिपार्टमेंटमधून रिटायर झालो. लोकांच्या नोकरीची खातरजमा करणं हेच माझं काम होतं. त्यातला पहिला नियम: अर्जदाराने दिलेल्या नंबरवर फोन करायचा नाही. तो त्याच्या मित्राचाही असू शकतो. ऑफिसचा नंबर स्वतः शोधायचा. मी तसंच केलं होतं.

मग तिने देऊन ठेवलेलं बँक स्टेटमेंट पुन्हा काढलं. पगार दर महिन्याला जमा होत होता, पण कारखान्याकडून नाही, दुसऱ्याच नावाने. मी सरळ तिलाच फोन लावला.

"बेटा, कंपनी तर तुले ओळखतच नाही."

ती हसली. "काका, मी कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर आहो. काम कारखान्यात, पगार कॉन्ट्रॅक्टर देते. मी सांगाले पाहिजे होतं. त्याचं ऑफिस गेटसमोरच आहे, जाऊन या ना!"

रोल म्हणजे हजेरीपटावरचं नाव. ते ज्याच्याकडे, तोच खरा मालक. स्कूटर काढली आणि जामुल गाठलं.

कॉन्ट्रॅक्टरच्या मॅनेजरला मी नेहमीचे प्रश्न विचारले. नोकरी कधीपासून? पगार किती? राजीनामा तर दिला नाही ना? उत्तरं स्टेटमेंटशी तंतोतंत जुळली. मी उठलो, तर तो गालात हसत होता.

"अंकल, मैडम ने भी आपकी पूछताछ की है."

"माझी?"

"हमारा एक फिटर आपके यहाँ किराए से रहता था. उसी से पूछा."

मी परत खुर्चीत बसलो. "क्या बोला वो?"

"बोला, अंकल टंकी भरते ही चिल्लाते हैं, मोटर बंद करो! बाकी आदमी बढ़िया हैं. और आंटी के हाथ का झुनका आज भी याद करता है."

दोघंही खो खो हसलो. तिथूनच बँकवाल्या गृहस्थांना फोन करून माफी मागितली आणि सुषमाला होकार कळवला.

घरी येऊन सगळं सांगितलं. शोभाने पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. "म्हणजे पास मी केलं तुमाले!" ती म्हणाली आणि बेसनाचा डबा काढायला आत गेली.

रविवारी सुषमाचं सामान आलं. जिन्याच्या वळणावर अलमारी अडली, तेव्हा ही मुलगी वर उभी राहून हातांच्या खुणांनी चार हमालांना चालवत होती. शोभा खालून टाळ्या वाजवत होती.

तेव्हा घरमालकांनो, कंपनीचा नंबर स्वतः शोधा आणि पगार कोण देतं ते पाहा. आणि भाडेकरू घर सोडून जाताना त्याला पोटभर जेवू घालून पाठवा. पुढे तुमची चौकशी त्याच्याकडेच होते.