चार वर्षांचा शब्द

शैलजा मेश्राम एके काळी बास्केटबॉल खेळायची, हे अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींना बरीच वर्षं खरंच वाटत नव्हतं. बुटकी बाई, जाड चष्मा, जो तो एकेक पदार्थ घेऊन येतो त्या पॉटलकला हमखास भरली वांगी आणणार. पण नागपूरला ती विद्यापीठाच्या संघात होती आणि आपल्यापेक्षा हातभर उंच मुलींच्या काखेखालून बॉल घेऊन पसार व्हायची. तिचा नवरा प्रल्हाद हे सांगताना अजूनही लाजतो, कारण त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं ते मैदानावरच आणि तेव्हा तो तिच्या संघाविरुद्ध ओरडत होता.

प्रल्हाद इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. शैलजाला नोकरीची परवानगी मिळाली ती २००२ साली. ओळखीच्या बायका तेव्हा सॉफ्टवेअर टेस्टिंगचे कोर्स करत होत्या. ही बाई मात्र जवळच्या एका कॉलेजात खेळाडूंना गणित शिकवायला गेली. पगार ऐकून लोकांनी कपाळाला हात लावला. वर्षभरात बास्केटबॉल संघाचा सगळाच अभ्यास तिच्याकडे आला. कोण नापास होतोय, कोण सकाळच्या वर्गाला दांडी मारतोय, कुणाला उन्हाळ्यात एखादा विषय परत घ्यावा लागणार, हे सारं ती बघायची. साडेसहा फुटी पोरं तिच्या इवल्याशा खोलीत गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि तिला ‘मिसेस एम’ म्हणायची. झोपून राहणाऱ्या पोराच्या खोलीचं दार ती स्वतः जाऊन वाजवायची. माझं तर मत आहे की त्या संघाचे निम्मे पदवीधर हे त्या दार वाजवण्याचं फळ आहे.

पहिल्याच दिवाळीला तिनं पोरांसाठी डबाभर चिवडा नेला. नियम सांभाळणाऱ्या खात्याचा माणूस धावत आला. खेळाडूला बाहेरचं काहीही फुकट देणं नियमात बसत नाही, म्हणाला. डबा परत आला आणि प्रल्हादनं तो आठवडाभर ऑफिसात नेऊन संपवला. तेव्हा सगळे हसले. पुढे काय झालं ते कळल्यावर मला त्या चिवड्याचा फार राग आला. मूठभर चिवडा दिला तर गुन्हा, आणि पोराचं शिक्षण मध्येच काढून घेतलं तर ते नियमाला धरून!

तर झालं असं. संघात यावा असा मुलगा हेरला की कॉलेज त्याला आईवडिलांसकट दोन दिवस बोलावतं. जिम दाखवतात, जेवू घालतात आणि मग अर्धा तास अभ्यासाच्या बाईंसमोर बसवतात. हा अर्धा तास शैलजाचा. २००३ च्या शरदात फ्लिंट गावाहून टेरेल नावाचा मुलगा आला. त्याची आई, मिसेस हेस, शाळेची बस चालवायची. तिला जिमचं कौतुक नव्हतं. तिनं एकच विचारलं, “हा इथे आला तर डिग्री घेऊन बाहेर पडेल का?”

“चार वर्षं त्याची सीट पक्की आहे,” शैलजा म्हणाली. “अभ्यास मी करून घेईन. माझा शब्द.”

शेजारी कोच केंडल बसले होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

शैलजानं हे खोटं सांगितलं नव्हतं. नागपूरला कॉलेजात सीट मिळाली की ती तुमची. नापास व्हा, परत बसा, पण उठवणार कोण? तिचे वडील घरातले पहिले कॉलेजात गेलेले. सीट म्हणजे काय, हे त्या घरात कुणाला शिकवावं लागत नव्हतं. खेळाडूची फी भरणारी स्कॉलरशिप इथे दर वर्षी नव्यानं द्यायची असते आणि ती द्यायची की नाही हे कोचच्या मर्जीवर असतं, असं तिच्या स्वप्नातही आलं नाही. मिसेस हेसनं दुसऱ्या, मोठ्या कॉलेजाला नाही म्हटलं आणि पोरगा इकडे पाठवला.

टेरेल गुणी निघाला. अभ्यासात बरा, खेळात जेमतेम. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, २००६ च्या एप्रिलात, कोचनी शैलजाला बोलावलं. त्या आठवड्यात ती चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाच्या गडबडीत होती, तशीच धावत गेली. संघात स्कॉलरशिपच्या जागा तेरा. दोन मुलं पदवी घेऊन जाणार होती आणि कोचनी नवी तीन घेऊन ठेवली होती, म्हणजे जुन्यांतल्या एकाला उठवायचं होतं.

“टेरेलशी तू बोल,” कोच म्हणाले. “त्याला सांग, इथला अभ्यास तुला झेपत नाहीये. लहान कॉलेजात सुखी राहशील. तुझं ऐकतो तो.”

“त्याला झेपतोय,” शैलजा म्हणाली. “आणि त्याची सीट चार वर्षं आहे.”

तेव्हा कोचनी तिला नियम समजावला. तिला आठवली ती हललेली मान.

कोच काही राक्षस नव्हते. “दर वर्षी कुणी ना कुणी जातंच,” ते म्हणाले. “कुणाचा गुडघा जातो, कुणी नापास होतो. मी मोजून तेरा घेतले तर हिवाळ्यात अकराच उरतात. हरलो की मला घालवतात. माझी सीट कोण राखतं?” यातलं काहीच खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत.

घरी प्रल्हादनं डोकं धरलं. “यार शैलू, तुझं कॉन्ट्रॅक्टपण दर वर्षी रिन्यू होतं. कोचशी पंगा घेतलास तर तुलाच रिप्लेस करतील.”

“माहितेय. पण त्या बाईला शब्द कोचनी नाही दिला, मी दिलाय. मीच कॉल करते.”

पायल, त्यांची लेक, वर न बघता म्हणाली, “आई, जस्ट टेल हर द ट्रुथ.”

दुसऱ्या दिवशी शैलजानं फ्लिंटला फोन केला. आपल्याला माहीत नसताना आपण चार वर्षं बोलून गेलो, हे आडपडदा न ठेवता सांगितलं. मिसेस हेस असं काही बोलली की शैलजानं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ते ऐकून घेतल्यावर शैलजानं दुसरी गोष्ट सांगितली, जी कोच कुठल्याच पोराला सांगत नसत. स्कॉलरशिप काढली तर मुलाला कॉलेजच्या समितीपुढे दाद मागता येते, आणि त्या समितीत खेळाच्या खात्याचं कुणीही नसतं.

जूनमध्ये समिती बसली. टेरेलच्या बाजूनं बोलायला शैलजा उभी राहिली. समोरच्या बाजूला कोच, म्हणजे तिचाच वरिष्ठ.

“कागदावर एकच वर्ष आहे, हे खरं,” ती म्हणाली. “पण या कॉलेजच्या खुर्चीत बसून मी चार वर्षं सांगितलं. माझं चुकलं ते मला माहीत नव्हतं म्हणून. कोचना माहीत होतं आणि त्यांनी मान हलवली. त्या बाईनं दुसरं कॉलेज सोडलं ते आमच्या दोघांच्या भरवशावर.”

समितीनं कोचना विचारलं, मान हलवली होती का. कोच ‘हो’ म्हणाले. ते नाही म्हणू शकले असते, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना मनातून पूर्ण उतरवलेलं नाही. टेरेलची स्कॉलरशिप टिकली.

पण जागा तेराच. जुलैत कोचनी नव्या तिघांतल्या एकाला, सॅगिनॉ गावच्या मार्कसला, जागा होईपर्यंत वर्षभर दुसऱ्या शाळेत थांबायला सांगितलं. शैलजाला कुणी काढलं नाही, मात्र पालकांबरोबरचा अर्धा तास तिच्याकडून गेला. तिला जास्त लागलं ते मार्कसचं. पोराच्या घरी तोवर बॅगा भरून झाल्या असतील, असं ती म्हणायची आणि जेवता जेवता थांबायची.

पुढच्या एप्रिलात मार्कस आईला घेऊन परत आला. सगळं बघून झाल्यावर ती आई, मिसेस ग्रँट, कुणालाही न विचारता थेट शैलजाच्या दारात येऊन उभी राहिली.

“माझ्या मुलाची जागा गेली ती तुमच्यामुळे ना?”

कोचवर ढकलता आलं असतं. नियमावर ढकलता आलं असतं.

“हो,” शैलजा म्हणाली. “तुमच्या मुलाचं काय होईल हे माझ्या मनात आलं होतं. तरी मी बोलले.”

मिसेस ग्रँट खुर्चीत बसली. “मग माझ्या मुलासाठी कोण बोलणार? मला शब्द द्या. चार वर्षांचा.”

“नाही देता येणार. माझ्या हातात नसलेलं एकदा देऊन बसले मी.” शैलजा म्हणाली. “त्याला सीटवरून उठवायला कुणी आलं तर मी समितीपुढे उभी राहीन, एवढं माझ्या हातात आहे. आणि आत्ता एक करा. कोचना इथे बोलवा आणि विचारा, तेरा जागांवर किती मुलं घेतलीत. माझ्यासमोर विचारा.”

कोच आले. मिसेस ग्रँटनं विचारलं. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग शैलजाकडे.

“मार्कस धरून तेरा,” ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, “आणखी एकाशी बोलणं चाललंय.”

“त्याला काय सांगितलंय?” मिसेस ग्रँटनं विचारलं.

“जागा आहे म्हणून.”

“मग त्याला खरं सांगा,” मिसेस ग्रँट म्हणाली. “आत्ता.”

कोचनी फोन काढला. पलीकडून एका बाईचा हसरा आवाज आला. बहुतेक आईच असावी, कोचचा फोन म्हणून आनंदलेली. कोच उभ्या उभ्याच बोलले. सॉरी म्हणाले, जागा नाही म्हणाले. पलीकडचा आवाज बंद झाला.

शैलजाला रडू आवरेना. पण एप्रिलच होता, मार्कसला कळलं तसा जुलै नव्हता. त्या आईला आपल्या पोरासाठी दुसरं कॉलेज शोधायला अजून वेळ होता.