पहिल्या रांगेतला माणूस

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. ती गेली तेव्हाही तिला माहीत नव्हतं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर मी पुन्हा निवडणुकांवर भाषणच ठोकलं असतं.

ते मला बरं जमतं. मी जुन्या वळणाचा माणूस आहे, लपवत नाही. देव, घर, गावकी — यांना हात लावण्याआधी दहादा विचार करावा, असं मानणारा. तालुक्याच्या साप्ताहिकात बरीच वर्षं सदर लिहिलं, आणि विषय बहुतेक एकच. प्रचाराची पार गेलेली रया. उमेदवाराने दारात यावं, चपला काढून ओटीवर बसावं, काय करणार ते सांगावं, चहा घेऊन जावं. टेम्पोवरचे भोंगे कशाला? सिनेमाच्या चालीवरची गाणी कशाला? संध्याकाळी टीव्ही लावला की चौकटी-चौकटींतून माणसं एकमेकांवर ओरडतायत — ऐकतंय कोण? आणि अर्धं वाक्य कापून दाखवणाऱ्यांवर तर माझा विशेष राग. आमच्या बाजूच्या नेत्यांची वाक्यं कापतात, असं मी लिहायचो. ते खोटं नव्हतं. आजही मला तसंच वाटतं. मतं बदलली म्हणून हे सांगत नाहीये.

मग कशासाठी? — सांगतो.

आमचं गाव दिवेआगरच्या अलीकडे. वादळाने निम्म्या वाड्या झोपवल्या, तेव्हापासून बरेच जण होमस्टेवर जगतात. शनिवार-रविवारी मुंबईच्या गाड्या येतात आणि त्या लावायला जागा नसते. देवळामागे एक माळ आहे. तिथे आमची होळी लागते, शिमग्याची पालखी नाचते. वादळानंतरच्या ग्रामपंचायत निवडणुकीत सगळी चर्चा त्यावरच — माळावर पार्किंग करायचं का?

आमच्या पॅनलविरुद्ध सरपंचपदाला कुंदावहिनी उभ्या होत्या. माझ्या मित्राची बायको. तो गेल्यावर पोफळीची वाडी एकटीने सांभाळली. वादळानंतर कुणाची कौलं उडाली, कुणाची चूल पेटली नाही, हे दारोदार जाऊन पाहिलं. माझी बायको आजारी होती तेव्हा रोज डब्यातून पेज यायची, ती वहिनींकडून. विचारांनी त्या माझ्याहूनही जुन्या वळणाच्या. पॅनल तेवढं दुसरं.

देवळासमोर त्यांची सभा झाली, आलेली बहुतेक त्यांचीच माणसं. मी देवळाचा विश्वस्त, म्हणून मला पहिल्या रांगेत खुर्ची. वहिनी म्हणाल्या, "माळ पार्किंगला देऊन टाका, असं मला होमस्टेवाले सांगतात. मी त्यांना सांगितलं, मी असेपर्यंत ते होणार न्हाय." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या — हो, मीही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाइलवर क्लिप आली. वहिनींचा चेहरा, वहिनींचा आवाज — "माळ पार्किंगला देऊन टाका." बस, एवढंच. खाली लाल अक्षरांत, ‘देवाची जागा द्यायला निघाल्या’. क्लिप आमच्याच पॅनलने केलेली, हे मला विचारावंही लागलं नाही. मी ती कापली नव्हती. पुढेही पाठवली नाही. या दोन वाक्यांवर मी पुष्कळ दिवस काढले.

दुपारी वहिनी घरी आल्या. पॅनलचे चौघं माझ्या ओटीवर चहाला बसले होते. त्यांच्यासमोरच, उभ्या-उभ्याच म्हणाल्या, "नाना, आमच्या माणसांचं कुणी मानत न्हाय. तुम्ही तर त्यांचे. तुम्ही समोर होतात. मी काय बोलले, ते देवळात येऊन एकदा सांगा."

चौघांनी माझ्याकडे पाहिलं. कुणी धमकी दिली नाही, डोळाही वटारला नाही. मी हो म्हणालो असतो तर काय झालं असतं? चहा अर्धा टाकून उठले असते. फार तर पुढच्या वेळी विश्वस्तांत माझं नाव नसतं. एवढंच ना?

मी म्हणालो — "वहिनी, मला हल्ली नीट ऐकू येत नाही."

माझे कान शाबूत होते. मागे वाडीत नारळ पडला तर कुठल्या माडाचा, ते मी घरात बसून ओळखायचो.

वहिनी एक पाऊल जवळ आल्या. मग म्हणाल्या, "असं व्हय? मला कुणी बोललं न्हाय. डॉक्टरला दाखवा हां, नाना." आणि पायऱ्या उतरून गेल्या. रागावल्या नाहीत. त्यांनी विश्वास ठेवला — कळतंय का तुम्हाला?

त्या हरल्या. शिमग्यात पालखी त्यांच्या अंगणात आली, तर ती खांद्यावर घेऊन नाचवायला आळीतलं कुणी पुढे झालं नाही. पालखीवाल्यांनी ती टेकवली, ओटी भरून घेतली आणि उचलली. ढोलसुद्धा धड वाजला नाही. वहिनी आरतीचं ताट घेऊन उभ्या. मी फाटकाशी होतो. आत गेलो नाही.

पुढे आमच्याच पॅनलने माळ पार्किंगला दिला. ग्रामसभेत विरोधाला वहिनी एकट्या उठल्या, तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "आता देव आठवला काय?" लोक हसले. मी हसलो नाही. बोललोही नाही. त्या आठवड्याच्या सदरात मी दिल्लीच्या चॅनेलांच्या खोटेपणावर लिहिलं. लोकांना फार आवडलं.

सदर आता बंद केलंय. टीव्हीवर कुणाचं वाक्य कापलेलं दिसलं की पूर्वी रक्त तापायचं. आता नुसतं दमायला होतं. मी उठून टीव्ही बंद करतो.

त्या दुपारपासून वहिनी माझ्याशी मोठ्याने बोलतात. रस्त्यात भेटल्या की जवळ येऊन, कानाशी वाकून, शब्द सुटा-सुटा करून. इतकी वर्षं. मी कानामागे हात धरतो. काय करू? — नाही, हा प्रश्न तुम्हाला नाही.

गेल्या महिन्यात आरोग्य केंद्रात त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. नर्सने आतून माझं नाव पुकारलं. मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी बसून राहिलो.

वहिनी उठल्या, दारापर्यंत गेल्या. "बाई, जरा मोठ्याने बोला. नानांना ऐकू कमी येतं."

नर्सने माझं नाव पुन्हा, ओरडून घेतलं. मग मी उठलो.