बदलापुरात बुडालेलं जहाज

बदलापूरला समुद्र नाही. तरी एका दसऱ्याला तिथे जहाज बुडालं, आणि सरकारी कागदावर त्याची जबाबदारी माझ्या नावावर आहे.

मी मूळचा परभणीकडचा. आठवीत शाळा सुटली (मी शाळा सोडली की शाळेने मला, यावर घरात अजून दोन मतं आहेत) आणि थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्काच्या आधाराने इकडे आलो. भाऊजी अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात ऑफिसर. खरवईच्या बाजूला भाताच्या खाचरात नव्या बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, त्यातल्या एकीत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा ब्लॉक. "किती दिवस राहणार?" असं भाऊजींनी मला अकरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. त्यामुळे ते मलाच रोज स्वतःला विचारावं लागे. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये गोपसेठच्या रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात मला चिकटवलं, तेही त्यांनीच. मी तिथे दुरुस्ती करत असे, पण तो जोडधंदा. मुख्य धंदा काळजी करणं.

आणि काळजीला भांडवल पुरवलं आमच्या भाच्याने. नितीन विमान चालवायला शिकत होता. भाऊजींच्या घराण्यात तोवर सगळ्यात उंच गेलेला माणूस म्हणजे नारळ उतरवणारे त्यांचे चुलते, आणि तेही एकदा पडले होते.

त्या वर्षी नितीनची 'क्रॉस कंट्री' आली. म्हणजे छोटं विमान एकट्याने घेऊन दूरच्या विमानतळावर जायचं, तिथे उतरायचं, कागदावर सही घ्यायची आणि परत यायचं. हे केल्याशिवाय लायसन नाही. वाटेत घाट आणि जंगल. दिवस ठरला दसऱ्यानंतरचा सोमवार.

अक्का पोळ्या लाटत होती. तिने सहज विचारलं, "विमानात रेडिओ असतो ना रे?"

"असतो की," नितीन म्हणाला. "सारखं बोलत असतो आम्ही."

"पण पडल्यावर कोण बोलणार?" मी म्हणालो.

(गप्प राहणं हे मला आठवीपर्यंत शिकवलंच नव्हतं.)

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपली. नितीनने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. मग त्यानेच समजावलं, की त्यासाठी एक यंत्र मिळतं, त्याला बीकन म्हणतात. विमान पडलं तर ते आकाशातल्या उपग्रहाला हाका मारतं, आणि माणूस कुठे आहे ते शोधणाऱ्यांना कळतं. क्लबच्या विमानाच्या शेपटीत एक आहे, पण ते इतकं जुनं, की त्याला आधी कुणीतरी हाक मारावी लागेल.

"मग चांगलं आण," अक्का म्हणाली. "माझं लेकरू कुठं पडलंय ते मला कळायला पाहिजे. आन् खरंच कुणी येतं का, तेबी कळायला पाहिजे. नसता जायचं नाही. लायसन गेलं चुलीत."

"आई, एक दिवस हुकला तर पुढची तारीख कधी मिळेल माहीत नाही. यार, सगळं अडकेल."

"अडकू दे. जमिनीवर अडकशील."

भाऊजींनी पेपर खाली ठेवला. "दत्तोपंत," ते मला म्हणाले, "यंत्रातलं तुम्हाला कळतं. तुम्ही निवडून आणा."

अकरा वर्षांत मला या घरात पहिल्यांदा काही निवडायला सांगितलं होतं. एरवी कुठली भाजी खाणार, हेही मी अक्काच्या तोंडाकडे बघून सांगत असे. मला गहिवरून आलं. आणि लगेच लक्षात आलं, की आता पोरगं सापडलं नाही तर ते माझ्यामुळे.

गोपसेठकडे जहाजतोडीतून निघालेला माल यायचा. त्यांनी काउंटरवर दोन बीकन मांडली. एक साबणाच्या वडीएवढं, नवंकोरं, कुणा गिऱ्हाइकासाठी मागवलेलं आणि पडून राहिलेलं. खिशात ठेवायचं, वेळ आली की तार बाहेर ओढायची आणि बटण दाबायचं. दुसरं जहाजावरचं, केशरी, दुधाच्या किटलीएवढं, डोक्यावर दिवा.

"साईं, ये छोटा ले जा," गोपसेठ म्हणाले. "आदमी के लिए ये ही है."

"सेठ, बटण दाबायला माणूस शुद्धीवर पाहिजे ना?"

"तो?"

"बेहोश असला तर? हात मोडला असला तर?"

"एक हात टूटा तो दूसरे से दबाएगा."

"आणि दोन्ही मोडले तर?"

गोपसेठनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "दत्तू, तू लडके को भेज रहा है कि मार रहा है?"

मोठं यंत्र मात्र माझ्या स्वभावाचं होतं. ज्या कड्यात ते बसवलेलं असतं, त्यात असेपर्यंत ते बंद; जहाज बुडालं की कड्यातून सुटतं आणि पाणी लागलं की आपोआप सुरू होतं. कुणाचा हात लागायला नको. शुद्ध नको, हिंमत नको. मी असतो तर मला असलंच लागलं असतं.

"अरे, ये पानी का माल है," गोपसेठ कळवळून म्हणाले. "पहाड़ में पानी किधर से लाएगा?"

"पाऊस पडेल," मी म्हणालो.

गोपसेठनी ते यंत्र माझ्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "ले जा. घर में दिखा. अक्कल आएगी तो वापस ला." भला माणूस. मी पिशवीत ते धूड घेऊन घरी आलो. नितीन म्हणाला, "मामा, हे मांडीवर घेतलं तर विमान कशाने चालवू?" पण अक्काला ते पसंत पडलं. राखणदार दणकट असावा, असं तिचं मत.

दुसऱ्या दिवशी दसरा. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. विळी, कोयता, माझं सोल्डरिंग आयर्न, भाऊजींची स्कूटर, नितीनचा नकाशा आणि हेडफोन, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. बीकनला पाटावर मधली जागा मिळाली. अक्का त्याच्याकडे बघत राहिली.

"ह्याला नुसतं कुंकू नको," ती म्हणाली. "हा माझ्या लेकराच्या जिवाचा राखणदार. ह्याला अभिषेक करू. भिजलं तर चालतं का रे दत्तू?"

आयुष्यात इतका सोपा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. "अक्का," मी छाती काढून म्हणालो, "हे भिजण्यासाठीच बनवलंय."

एवढंच बोलून थांबलो नाही. कड्यासकट ते ताम्हनात मावेना, म्हणून कडं मी स्वतःच्या हाताने काढलं. अक्काने पंचामृताची धार धरली. दूध, दही, तूप, मध, साखर. पाणी ओळखणाऱ्या खालच्या दोन पितळी खिळ्यांपर्यंत ओघळ गेला आणि डोक्यावरचा दिवा लख्खकन लागला. विझला. परत लागला.

अक्काने हात जोडले. भाऊजींनी, विज्ञानाचे पदवीधर असूनही, जोडले. नितीन नेमका हार आणायला स्टेशनकडे गेला होता. मला एक बारीकशी शंका आली, पण सगळे इतके प्रसन्न होते की मी ती गिळली. शिवाय समुद्राचं पाणी खारट असतं आणि पंचामृत गोड. तेव्हा हे सुरू झालं नसून फक्त टेस्ट करतंय, असा मी शास्त्रीय निष्कर्ष काढला.

दिवा डोळ्यांवर यायला लागला म्हणून मी ते उचलून गॅलरीत ठेवलं, उघड्या आभाळाखाली. नितीन हार घेऊन आला तो थेट जेवायला बसला आणि मग मित्रांकडे सोनं द्यायला गेला. हार अक्काने गॅलरीत जाऊन राखणदाराला घातला आणि लुकलुकत्या दिव्याला परत हात जोडले; त्यानंतर तिकडे कुणी पाहिलंच नाही.

दुपारी तीनच्या सुमाराला खालच्या मजल्यावरचे म्हात्रेकाका हाका मारत आले. "दत्तू, नदीवर चल. पोलीस आयलेत. जहाज बुरालंय बोलतान."

माझं काळीज हललं. दसऱ्याच्या दिवशी कुणाची तरी माणसं बुडतायत. मी पायात चपला न घालता पळालो.

उल्हास नदीला तेव्हा कमरेएवढं पाणी होतं. काठावर एक हवालदार वही घेऊन उभा होता आणि कपडे धुणाऱ्या बायकांना विचारत होता, "मोठं जहाज वगैरे दिसलं का कुणाला?"

"साहेब," एक म्हातारा म्हणाला, "इथं म्हैस पण बुडत नाय."

"मलाही कळतं. वरून फोन आहे. जहाज बुडतंय, जागा बदलापूर. मी काय करू?"

मी म्हटलं, धरणाकडे बघायला पाहिजे. हवालदार म्हणाला, तिकडे दुसरी गाडी गेलीये. तरी मी गुडघ्याएवढ्या पाण्यात उतरलो आणि थोडं चाचपलं. (जहाज. नदीत. हाताने.)

तेवढ्यात एक जीप आली. बुडालेल्या जहाजांचा शोध घेणाऱ्या खात्याचे दोन साहेब उतरले, एक वयस्क, एक तरुण. तरुणाच्या हातात टीव्हीच्या अँटेनासारखं काहीतरी होतं, ते तो हळूहळू फिरवत होता. नदीकडे पाठ करून ते खरवईच्या दिशेने चालू लागले आणि मागोमाग सगळा गाव.

मी वयस्क साहेबांच्या शेजारी पोचलो. "काय झालं साहेब?"

"कुठलं तरी जहाज सकाळपासून मदत मागतंय. आणि गंमत म्हणजे ते जहाज कधीच तोडलंय. भंगारात गेलंय. मेलेलं जहाज हाका मारतंय, तेही इथून. कुणीतरी चावटपणा केलाय."

"काय माणसं असतात," मी मनापासून म्हणालो. "सणाच्या दिवशी तुम्हाला पळवतात. साहेब, अशा माणसाला सोडू नका."

"नाही सोडणार."

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मला वाटलं, अरे, आपल्याच बाजूचा कुणीतरी निघाला. बिल्डिंगच्या दाराशी वाटलं, तिसऱ्या मजल्यावरचा असणार, तो दिसतोच तसा. पहिल्या जिन्यावर मला गोपसेठ आठवले. जहाज, भंगार, हाका. दुसऱ्या मजल्यावर तरुण साहेबाने अँटेना आमच्या दारावर धरली, तेव्हा मी मागच्या मागे जिना उतरायला लागलो होतो. पण मागे गाव होता.

दार अक्काने उघडलं. गॅलरीतून दिवा लुकलुकत होता. यंत्राच्या गळ्यात झेंडूचा हार, अंगावर सुकलेलं दही आणि त्यावर दोन माश्या.

भाऊजी पुढे झाले. "मी घरचा कर्ता. जे काय असेल ते मला..."

"मी आणलं," मी म्हणालो. "मी कडं काढलं. मी गॅलरीत ठेवलं. यांचा काही दोष नाही साहेब. आणि नितीनचा तर नाहीच. त्याला सोमवारी जायचंय. क्लबला कळवू नका. मला कुठं न्यायचं तिथं न्या." अकरा वर्षं ज्यांचं मीठ खाल्लं, त्यांच्या मुलाचं लायसन मी दह्यात बुडवलं होतं.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "सोडू नका म्हणत होता, तो तूच ना?"

यंत्र बंद करायला पाऊण तास लागला. पाणी असतं तर पुसून झालं असतं, पण मध. तरुण साहेब रुमाल, मग कापूस, मग अक्काची जुनी साडी घेऊन ते दोन खिळे घासत होता, आणि कड्यात बसवेपर्यंत ते मेलेलं जहाज काही मरायला तयार नव्हतं. मग कागद निघाला. जहाजाचं नाव, साहेबांनी यंत्रावरच्या नंबराशी ताडून लिहिलं. जागा, खरवई. कारण, अभिषेक. जहाजावरची माणसं, चार. "कप्तान?" तरुण साहेबाने विचारलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सही केली. त्यांनी केस केली नाही, समज दिली. अजूनही कधी समुद्रावर गेलो तर मी त्या दोघांना मनातून नमस्कार करतो.

अक्का मात्र तोवर ताटं मांडत होती. तिने दोघांना पुरी-श्रीखंड वाढलं आणि मगच विचारलं, "साहेब, हे सकाळी दहाला लागलं. तुम्ही आलात चारला."

"हो. जहाज म्हणून आम्ही दोन तास पाण्यातच शोधलं. नाहीतर लवकर आलो असतो."

"म्हणजे खरंच येता तुम्ही."

"यावंच लागतं, बाई."

"जंगलात?"

"जंगलातही. फक्त हे धूड देऊ नका. खिशातलं द्या, अंगावर राहील असं. आणि तुमचा फोन नंबर आमच्याकडे नोंदवा."

अक्काने त्यांच्या पानात आणखी दोन पुऱ्या घातल्या. नंतर नितीन आला तेव्हा ती त्याला एवढंच म्हणाली, "जा तू सोमवारी. येतात ते. मी बघितलंय."

गोपसेठनी मोठं परत घेतलं, नखाने मध खरवडला, वास घेतला आणि छोटं माझ्या हातात दिलं. सोमवारी नितीन ते खिशात घालून गेला. मी दिवसभरात तीन रेडिओ उघडले आणि एकही बंद केला नाही. संध्याकाळी तो धडधाकट परत आला, सही घेऊन.

"यंत्र कसं होतं?" मी विचारलं.

"काय माहीत मामा? खिशातून काढलंच नाही."

पुढे त्याला लायसन मिळालं आणि तो मोठी विमानं चालवू लागला. छोटं बीकन कपाटात पडून पडून त्याची बॅटरी मेली. देवाची कृपा, ते चांगलं होतं की वाईट हे शेवटपर्यंत कळलं नाही. आजवर मी निवडलेली एकच वस्तू पहिल्या झटक्यात, सांगितल्याप्रमाणे आणि सबंध दिवस चालली, आणि ती मी चुकीची निवडली होती.