आतली कडी

लालबागच्या एका चाळीला लागलेल्या आगीत फायरमन हितेंद्र परबने दार फोडलं, तर आतली म्हातारी दाराला टेकूनच गेलेली. हात कडीच्या वीतभर खाली. त्याच आठवड्यात हितेंद्रने स्वतःच्या घरातल्या सगळ्या कड्या उपटल्या, बाथरूमचीसुद्धा. आता बायको अंघोळीला गेली की आतून खोकत राहते, नाहीतर कुणी शिरायचं.

शेवटी साहेबांनी त्याला समुपदेशक बाईंकडे धाडलं. मध्येच कुणी येऊ नये म्हणून बाईंनी दाराला आतून कडी घातली.

"झोप लागते?"

"मस्त."

"घरी सगळं ठीक?"

"एकदम."

एवढं बोलून तो उठला, कडी काढून दार सताड उघडलं आणि परत येऊन बसला. शर्ट घामाने अंगाला चिकटला होता.

"आता विचारा," तो म्हणाला, "झोप लागते का ते."