पाटी पक्की, सामान मोकळं

कारखाना सुटून घराचा निम्मा रस्ता सरला होता. वहिनींच्या शेजारून नणंद चालत होती. दोघी एकाच कारखान्यात कामाला. वहिनी रुग्णाच्या शिरेत औषध सोडणाऱ्या पंपाचे प्रोग्राम लिहायच्या आणि नणंद तपासणीची नोंदवही सांभाळायची. त्या वहीत दोष चढला की दुसऱ्या कुणीतरी तपासल्याशिवाय पंप फाटकाबाहेर जात नसे.

वहिनींचा स्वभावच संशयी. कुलूप लावून तीनदा ओढून बघणार, गॅस बंद केलाय का म्हणून निम्म्या जिन्यावरून परतणार. गेला आठवडाभर तो संशय शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या टकलू सहकाऱ्यावर होता. चाचणीत औषधाची कमाल मर्यादा मध्येच पाचाची दहा व्हायची. वहिनींनी तर मर्यादांची सगळी यादीच 'स्थिर' म्हणून लिहिलेली. मग हात कुणाचा? त्यांनी पासवर्ड बदलला, टकलूशी बोलणं टाकलं, डबाही टेबलावरच खाल्ला.

"सापडला का चोर?" नणंदेने शेवटी विचारलंच.

"सापडला. मीच."

"काहीतरीच काय!"

"प्रोग्रामच्या त्या भाषेत स्थिर म्हणजे नुसती दारावरची पाटी पक्की. ते नाव दुसऱ्या यादीला लावता येत नाही, एवढंच. आतलं सामान कुणीही हलवावं! आतले आकडे गोठवायचे तर तसं वेगळं लिहावं लागतं. मी लिहिलंच नाही. मोठ्या माणसासाठी मर्यादा दुप्पट करताना माझाच प्रोग्राम मूळ यादीत हात घालतो. नंतर लहान मूल आलं तरी त्यालाही तीच दुप्पट."

"अगं बाई! आणि उद्या सकाळी पंप दवाखान्यात जाणार!"

नणंदेने मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. लगेच तिला शंकाही आली. दुपारी सगळे चहाला गेले तेव्हा या एकट्याच मागे का राहिल्या होत्या?

"वहिनी, खरं सांगा. गुपचूप दुरुस्त तर नाही ना केलंत?"

"करणार होते. एका ओळीचं काम, कुणाला पत्ताही लागला नसता." वहिनी थांबल्या. "पण असंच आणखी कुठे मोकळं राहिलं असेल तर? माझं मीच तपासून काय कळणार, वन्सं?"

त्यांनी नणंदेचा दंड धरला आणि तिला मागे वळवलं.

"परत चला. पहारेकरी अजून आत सोडेल. वहीत हा दोष शाईने लिहा, माझ्या नावानिशी. आणि सकाळी मी कितीही गोड बोलले, तरी ते पान माझ्या हाती देऊ नका."