वारं सुटलंय, आत चला

वॉल्टरच्या निधनाने अमेरिकेतल्या प्रादेशिक चित्रकलेचं एक पर्व संपलं. हे वाक्य माझं नाही. इथे सिंगापूरला, सेरंगूनच्या एका कॉन्डोमधल्या हॉलमध्ये आम्ही मराठी मंडळींनी त्याची शोकसभा घेतली, तिथे ते उच्चारलं गेलं. उच्चारणारे गृहस्थ तांजोंग पगारला बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि एखादं पर्व संपवल्याशिवाय ते कुठल्याच शोकसभेत खाली बसत नाहीत. वॉल्टरचं एकही चित्र त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी जवळजवळ सगळी पाहिली होती. प्रत्येक चित्रात तेच लाल कोठार, तेच मक्याचं शेत आणि तेच हिरवट, आजारी आभाळ. पर्व असलंच तर ते त्या एका शेताचं होतं, आणि ते शेत वॉल्टर लहान असतानाच संपलं होतं.

मला बातमी कळली ती मृणालकडून. मृणाल त्याची बायको, मूळची साताऱ्याची, इथल्या विद्यापीठात संशोधन करते. क्लेमेंटीत आमच्याच मजल्यावर, दोन दारं सोडून त्यांचा फ्लॅट. तिने दार वाजवलं आणि म्हणाली, ‘‘काका, वॉल्टर उठत नाहीये.’’ जेवून आडवा झाला होता. मी जाऊन पाहिलं तेव्हा खिडकीबाहेर लख्ख ऊन होतं, पान हलत नव्हतं. उभं आयुष्य ज्याने वाऱ्याच्या धास्तीत काढलं, तो असा बिनवाऱ्याच्या दुपारी गेला…

त्याची-माझी ओळखही वाऱ्यानेच करून दिली. जहाजावरची चीफ इंजिनिअरची नोकरी संपवून मी आणि शुभा इथे नुकतेच स्थिरावलो होतो. एका सकाळी सुमात्राकडून येतो तसला झोडपणारा वारा आला. मी समुद्रावर याहून बरंच पाहिलेलं, त्यामुळे चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात दारावर धडाधड थापा. उघडून बघतो तर साडेसहा फुटी पांढराफटक गोरा, अंगात नुसती हाफ पॅन्ट, आणि तोंडात सासूबाईंकडून उचललेलं साताऱ्याचं मराठी: ‘‘वारं सुटलंय. आत चला.’’

‘‘आत म्हणजे? आम्ही आतच आहोत,’’ मी म्हटलं.

‘‘अजून आत,’’ तो म्हणाला.

अजून आत म्हणजे त्याच्या घरातल्या बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये अशी एक खोली असते. जाड काँक्रीटच्या भिंती, खिडकी नाही, जहाजावर शोभेल असं लोखंडी दार. युद्ध झालं तर लपायला म्हणून ती बांधतात. युद्ध काही होत नाही, म्हणून लोक तिथे बॅगा, जुने पंखे आणि गणपतीचं मखर ठेवतात. वॉल्टरने तिथे आपले कागद ठेवले होते. खोक्यांवर खोकी, छतापर्यंत. त्या खोक्यांमध्ये अंग चोरून आम्ही चौघे उभे राहिलो. शुभा चहाचा कप घेऊनच आली होती. वारा ओसरल्यावर ती म्हणाली, ‘‘जावईबापू, पुढच्या वेळी आधी कळवा. खाऊचं काहीतरी आणीन.’’ त्या दिवसापासून तो सगळ्या मजल्याचा जावई झाला. अधिक महिन्यात शुभाने त्याला अनारसे दिले, तर त्याने तेही शेल्टरमध्ये ठेवले.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं, आणि आम्ही बरेच दिवस तसंच नेलं. पण त्याची चित्रं बघताना हसू येत नसे. अमेरिकेच्या मधल्या सपाट प्रदेशात, जिथे जमिनीला शेवटच दिसत नाही, तिथलं त्याचं गाव. आपलाच मुलूख रंगवत राहणारे चित्रकार तिकडे पुष्कळ झाले म्हणे. फरक एवढाच की हा आपला मुलूख सोडून क्लेमेंटीत बसून तो रंगवत होता. सिंगापूर त्याने कधीच रंगवलं नाही. ‘‘चीफ, इथे क्षितिज कुठे आहे? दाखव, उद्या रंगवतो,’’ तो म्हणे. प्रत्येक चित्रात खाली कोपऱ्यात, जमिनीत बसवलेलं एक लाकडी दार असे. वादळ आलं की तिकडचे लोक ज्या तळघरात उतरतात, त्याचं दार. ते नेहमी उघडं. वर आभाळ बुरसट हिरवं झालेलं, दूरवर एक काळा धागा खाली लोंबतोय, आणि हे दार सताड उघडं. माणूस एकही नाही.

एकदा मी विचारलंच. ‘‘अरे, वादळ एवढं जवळ आलंय. दार लाव की.’’

त्याने ब्रश पुसला. मग म्हणाला, ‘‘बाबा घोडे सोडायला गेले होते. आईने दार लावून घेतलं. लावायलाच हवं होतं…’’

पुढचं मला मृणालने सांगितलं. सकाळी दार उघडलं तेव्हा वर घर नव्हतं. वडील फावल्या वेळात चित्रं काढत. त्यांच्या वहीची पानं वाऱ्याने दूर दूर नेऊन टाकली. पुढे कितीतरी महिने अनोळखी लोक शेतात, कुंपणात सापडलेली पानं पाठवत राहिले. आलेली पानं आईने जपली आणि आईनंतर वॉल्टरने. शेल्टरमधल्या अगदी आतल्या खोक्यात ती होती.

त्याच्या गावात एक छोटं संग्रहालय आहे. वॉल्टरची स्केचबुकं, पत्रं आणि वडिलांची ती पानं त्यांना हवी होती. मृणालची फार इच्छा होती. ‘‘तो स्वतः काही परत जायचा नाही, काका. निदान कागद तरी घरी जाऊ देत.’’ वॉल्टर नाही म्हणत नसे. वसंतात म्हणे, तिकडे वादळांचे दिवस आहेत, ते संपू देत. ते संपले की म्हणे, आता लवकरच पुन्हा सुरू होतील.

आणि दरम्यान तो कागदांना जपत होता. शेल्टरच्या भिंतीत हवेसाठी गोल झरोके असतात. त्याने त्यांवर लोखंडी झाकणं बसवून बोल्ट आवळले. मी सांगून पाहिलं, ‘‘बाबा रे, इथली हवा ओली आहे. जहाजाचा माल भरलेला बंद होल्ड असा घामेजतो की आतला तांदूळ कुजतो. झाकणं काढ, दार उघडं ठेव.’’

‘‘तुझं जहाज पाण्याने बुडतं, चीफ,’’ तो म्हणाला. ‘‘माझं घर वाऱ्याने गेलं. ज्याची त्याची भीती.’’



पलीकडच्या टॅन आंटीला हे अजिबात पटत नसे. तिला त्याने तिच्या मांजराचं चित्र दिलं होतं, ते तिने कॉरिडॉरमध्ये चपलांच्या रॅकवर लटकवलं होतं. ‘‘पिक्चर इज फॉर लुकिंग, लाह,’’ ती त्याला दटावायची. ‘‘यू लॉक फॉर व्हॉट? हू वॉन्ट टू स्टील काऊ शेड?’’ वॉल्टर हसायचा आणि तिला आणखी एक चित्र द्यायचा. मजल्यावर सगळ्यांना त्याने अशी काही ना काही दिली होती. जे स्वतःला सामान्य वाटे, ते तो वाटून टाकी. चांगलं ते आत ठेवी.

शेवटचं चित्र त्याने मला मुद्दाम बोलावून दाखवलं. तेच शेत, तेच आभाळ, पण कोपऱ्यातलं दार बंद होतं.

‘‘लावलंस?’’ मी विचारलं.

‘‘आता सगळे आत आले,’’ तो म्हणाला.

त्याच आठवड्यात तो गेला. यात काही संकेत होता असं शोकसभेत एका बाईंनी सांगितलं. मला तसं वाटत नाही. त्याच्या हृदयाची झडप कित्येक वर्षं गळत होती आणि तो गोळ्या विसरत असे. पण आजही मृणालच्या भिंतीवरचं ते चित्र बघताना मी आधी कोपऱ्याकडे बघतो.

दिवसकार्य उरकल्यावर मृणालने मला शेल्टर उघडायला बोलावलं. शेवटचे काही महिने त्याला खोकी हलवणं झेपत नव्हतं, आणि दुसरं कोणी तिकडे फिरकलं नव्हतं. दार ओढताच जो वास आला तो मी ओळखला. खोकी हात लावताच बसली. स्केचबुकांची पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या, आणि सगळ्यावर मऊ, हिरवट थर चढला होता. ज्या हिरव्यासाठी वॉल्टर रंगांत रंग मिसळून थकायचा, हुबेहूब तोच. वादळाने परत दिलेली वडिलांची पानं बुरशीने घेतली. मृणाल रडली नाही. तिने एक वीट उचलली, उघडायचा प्रयत्न केला आणि होती तिथे ठेवून दिली.

संग्रहालयाने फोटो बघून नम्रपणे कळवलं, की बुरशी लागलेला कागद इमारतीत घेता येत नाही.

मग शुभाच म्हणाली, ‘‘आपल्याकडे आहेत ना त्याची चित्रं.’’ आणि तिने स्वयंपाकघरातला खण रिकामा केला. तळाशी वर्तमानपत्राऐवजी कोठार अंथरलेलं होतं, त्यावर हळदीचा डाग. ती आणि मृणाल दारोदार फिरल्या. कोणाच्या फ्रिजवरून, कोणाच्या देव्हाऱ्यामागून, कोणाच्या मुलाच्या अभ्यासाच्या टेबलावरून चित्रं निघाली. उन्हाने फिकटलेली, तेलकट, पण कोरडी. टॅन आंटीने मांजर द्यायला आधी साफ नकार दिला. मग स्वतःच घेऊन आली. ‘‘टेल देम हँग प्रॉपर्ली,’’ एवढंच म्हणाली.

त्यांचं एक पार्सल झालं. वॉल्टरने टाकाऊ ठरवलेलं तेवढंच वॉल्टरच्या गावी गेलं.

मृणालच्या शेल्टरमध्ये आता काही नाही. दार उघडं असतं, आत पंखा चालू असतो. वारा सुटला की मी तरीही तिच्या दाराशी जाऊन उभा राहतो. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. गेल्या आठवड्यात असाच गेलो तेव्हा संग्रहालयाची पोच आली होती. कागद सुखरूप मिळाले, वॉल्टरच्या नावाचा विभाग केला आहे, आणि वादळाची भीती नको म्हणून सगळं तळघरात ठेवलं आहे.

मी मृणालला म्हटलं, तिथे हवा खेळती आहे का, तेवढं विचार. तिने विचारलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. झरोके होते, पण मागच्या वादळानंतर बुजवून घेतले आहेत.